अकराव्या पाटावरचा मुलगा

ऐका, लहानांनी ऐका आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐका. या गोष्टीला फार फार वर्षं झाली.

एका डोंगरावर एक पाठशाळा होती. तिथल्या गुरुजींची विद्या मोठी आणि शिस्त त्याहून मोठी. समोर वीस पाट मांडलेले असत. जो अभ्यासात पुढे, तो पुढच्या पाटावर. दर पौर्णिमेला परीक्षा व्हायची आणि पाट बदलायचे.

मुलांना नावानं हाक मारायची नाही, असा नियमच होता. नावाबरोबर घराणं येतं आणि घराण्याबरोबर भांडणं, असं गुरुजींचं म्हणणं. म्हणून पाटाचा आकडा तेच नाव. "ए तिसऱ्या, पाणी आण." "अकराव्या, उच्चार सुधार." गप्पागोष्टी तर नाहीच नाही. "मैत्री करायला आलात का इथे? आपापल्या पोथीत बघा!" असं ते दरडावत. पोरं कशी चिडीचूप असतात, याचा त्यांना केवढा अभिमान! आता काय म्हणावं?

एका पौर्णिमेला परीक्षा झाली, पाट बदलले. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मुलं सरपण घेऊन रानातून आली. गुरुजींनी अंगणातल्या मोळ्या मोजल्या. वीस भरल्या, तसे ते समाधानानं आत गेले. अकराव्यानं मोळी टाकली होती खरी, पण रानात विसरलेला पंचा आणायला तो परत गेला होता. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सकाळी पाठ सुरू झाला आणि अकरावा पाट रिकामा दिसला.

"अकरावा कुठाय?" गुरुजींनी विचारलं.

सगळ्यांचे डोळे आपापल्या पोथीत.

"त्याच्या शेजारी कोण झोपतं?"

"मी," एक जण चाचरत म्हणाला. "पण मी माझ्या पोथीत बघत होतो, गुरुजी."

पाठशाळेत तो कुठेच दिसेना, तसे गुरुजी पोथी टाकून उठले. सगळे रानात धावले. हाक मारायला गुरुजींनी तोंड उघडलं आणि ते तसेच थबकले. पोराचं नाव काय? चार वर्षं समोर बसत होतं! मुलांना विचारलं, तर त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ओढ्यापलीकडच्या घळीत तो सापडला. पाय दगडाखाली चिरडलेला, अंग गार पडलेलं. गुरुजींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"मी खूप हाका मारल्या, गुरुजी," तो पुटपुटला. "दहाव्या, ए दहाव्या, म्हणून ओरडलो. माझ्या शेजारी तोच बसतो ना."

नव्या दहाव्यानं मान खाली घातली. "मी ओढ्यावर पाय धूत होतो. हाक ऐकली. पण मला वाटलं, जुन्या दहाव्याला बोलावतोय."

जुना दहावा रडायलाच लागला. "मीही ऐकली. पण परवापासून मी सातवा झालो होतो."

गुरुजींना मुलांवर ओरडताही येईना. मुलं तर त्यांनी शिकवलं तशीच वागली होती. "चूक माझी आहे रे," ते म्हणाले. मग त्यांनी मांडीवरच्या मुलाला विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

"मेघश्याम."

मेघश्याम वाचला. पाय मात्र गेला आणि जन्माची कुबडी आली. त्याच दिवशी गुरुजींनी वीसही पाट चुलीत घातले. मुलं जमिनीवर गोल बसू लागली. हजेरीची रीतही बदलली. आपल्या नावाला आपण ओ द्यायची नाही, शेजाऱ्यानं द्यायची. सुरुवातीला पोरं नुसती खिदळली, मग चक्क भांडलीही. गुरुजींनी भांडू दिलं. हळूहळू उत्तरं लांबत गेली. "भार्गव आहे, गुरुजी, पण रात्री जेवला नाही. आईची आठवण येतेय त्याला." हा भार्गव म्हणजे तोच जुना दहावा.

तीस वर्षं लोटली. गुरुजी अंथरुणाला खिळले, डोळ्यांनी दिसेनासं झालं. हे कळताच विसांनी एकमेकांना निरोप धाडले आणि ते मिळून डोंगर चढून आले. गुरुजींनी पडल्या पडल्या हजेरी घेतली. एकेका नावाला शेजारचा ओ देत होता. मेघश्यामचं नाव त्यांनी हळूच घेतलं. एवढा उभा चढ, आणि त्याची ती कुबडी!

मग दारातून धापा टाकत कुणीतरी म्हणालं, "आहे, गुरुजी."

"कोण, भार्गव?"

"हो. चढ त्याला झेपेना, म्हणून आळीपाळीनं पाठीवर घेतला. आता माझी पाळी आहे. अजून खाली ठेवला नाही."

गुरुजींनी हात पुढे केला. भार्गव वाकला, आणि तो हात मेघश्यामच्या गालावर टेकला. गुरुजी रडले, आणि ते कुणापासून लपवलं नाही.

बोध एवढाच: शेजारच्याची हाक ज्याला आपली वाटते, त्याचीच विद्या पुरी झाली.