हारामागचा माणूस

लेकीला तिचे बाबा आठवत नाहीत, या काळजीने मला झोप लागत नव्हती. कॉलेजात मी शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्यांबद्दल तासन्‌तास बोलते. घरी मात्र एका माणसाबद्दल तोंड उघडत नाही. अशी मी इतिहासाची प्राध्यापिका!

त्या दिवशी कॉलेजच्या संस्थापकांची पुण्यतिथी होती. पाळणाघर बंद, म्हणून चार वर्षांची गार्गी माझ्या मांडीवर. अध्यक्ष दिनकररावांनी आपल्या वडिलांच्या, म्हणजे संस्थापकांच्या, तसबिरीला हार घातला आणि माइकवरून जाहीर केलं, "जूनपासून इतिहास विभाग बंद. मेलेल्यांच्या गोष्टींनी कुणाचं पोट भरतं? काय हो मॅडम?"

गार्गीला खुर्चीत बसवून मी उभी राहिले.

"खरं आहे, साहेब. फक्त एवढं सांगा. पुढच्या वर्षी मुलांनी विचारलं, हे हार घातलेले आजोबा कोण, तर त्यांना कुठल्या विभागात पाठवू?"

सभागृहात हशा पिकला. दिनकरराव हसले नाहीत. तसबिरीकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "राहू द्या तुमचा विभाग."

मी खाली बसले, तशी गार्गीने माझी ओढणी ओढली.

"आई, आपल्या घरी बाबांना पण हार आहे. त्यांचं मला कोण सांगणार?"