खिशात मावणारा कॉम्प्युटर

यंत्रांना वाचा आणि माणसांना सवड होती, तेव्हाची गोष्ट. निशिकांत पेठ्यांनी जुना कॉम्प्युटर भंगारवाल्यासाठी दाराशी काढून ठेवला आणि टेबलावर हौशी लोक जोडतात तसला तळहाताएवढा कॉम्प्युटर-बोर्ड मांडला.

"काय काका, निघालात?" बोर्ड म्हणाला. "केवढं हे धूड! मी तर खिशात मावतो."

"मावशील बाबा," म्हातारा कॉम्प्युटर म्हणाला. "पण मालकीणबाईंचा नोकरीचा अर्ज आज पाचपर्यंत जायला हवा. तेवढा पाठव, मग मी सुखानं जाईन."

बोर्डानं जोर लावला. तो तापला, म्हणून त्याला पंखा जोडला. पंख्यानं वीज खाल्ली, म्हणून दुसरा अ‍ॅडॉप्टर आला. टेबलभर वायरी झाल्या, तरी अर्जाचं पान अर्धंच उघडलं.

"अहो, चार वाजले! जुना लावा ना," मालकीणबाई रडकुंडीला आल्या.

"थांब गं, जमतंय," निशिकांतराव म्हणाले. "बघ, आवाज यायला लागला!"

"अर्जाला आवाज कशाला लागतो?" कोपऱ्यातल्या प्रिंटरनं विचारलं.

पाच वाजून गेले. मालकीणबाई आत गेल्या. मग निशिकांतरावांनी जुना कॉम्प्युटर उचलून पुन्हा जोडला. म्हाताऱ्याला वाटलं, उशिरा का होईना, शहाणपण सुचलं.

निशिकांतरावांनी त्याच्यावर हौशी मंडळींच्या गटासाठी लिहिलं, "रोजच्या कामाला नवा बोर्ड झकास. जुन्याची आठवणसुद्धा येत नाही."

म्हाताऱ्यानं एकही अक्षर न गाळता ते क्षणात पाठवलं. निशिकांतरावांनी त्याची वायर काढली आणि भंगारवाल्याला वर बोलावलं.