खोट्या धुराचं गाव

एका गावात एक रंगारीण राहायची, आणि त्या गावाला आभाळच नव्हतं.

म्हणजे होतं हो, वर कुठेतरी होतंच. आभाळ काय कापडाचा तागा आहे, की कुणी घडी घालून नेलं! पण गाव वसलं होतं चारी बाजूंच्या डोंगरांच्या वाटीत, आणि त्या वाटीवर धुराचं झाकण बसलं होतं. सकाळी धूर, दुपारी धूर, दिवेलागणीला तर विचारूच नका. ऊन यायचं, पण मळक्या पंच्यातून गाळल्यासारखं. शाळेतली पोरं भिंतीवर आभाळ काढायची ती कोळशाने. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

एवढा धूर कशाला, असं विचाराल. तर त्या गावात माणसाची पत धुरावर ठरायची. ज्याच्या छपरावर दाट धूर, त्याच्या घरी रांधणं मोठं, आणि रांधणं मोठं म्हणजे माणूस मोठा. सोयरीक जमवायला आलेले पाहुणे आधी मुलीकडे नाही, छपराकडे बघायचे. म्हणून लोक मुद्दाम ओलं लाकूड जाळायचे. चुलीची तोंडं ही एवढी मोठी, भांड्यांवर झाकण ठेवणं म्हणजे कंजूषपणा. दरवर्षी चैत्र सरता सरता धूरमोजणी व्हायची. पाटील पारावर बसून एकेक छप्पर न्याहाळायचे, आणि ज्याचा धूर सगळ्यांत दाट, त्याला देवीच्या पहिल्या नैवेद्याचा मान मिळायचा. आता हा मान बहुतेक वेळा पाटलांच्याच घरी कसा जायचा, ते मला विचारू नका.

रान बिचारं दरवर्षी थोडं मागे सरत होतं. बाया पहाटे सरपणाला निघायच्या, डोंगर ओलांडून जायच्या, आणि दुपार कलल्यावर परत यायच्या. डोंगरापलीकडे आभाळ दिसत असणार. पण डोक्यावर मोळी असली की वर कोण बघतं?

रंगारणीचं घर गावाच्या टोकाला, ओढ्याकाठी. घरात ती आणि तिचे म्हातारे वडील, आबा. आबा म्हणजे एके काळचे नावाजलेले रंगारी. आता मात्र उंबरा ओलांडला तरी त्यांना धाप लागायची, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. कार्तिकात वैद्य आले, त्यांनी पापण्या वर करून पाहिल्या आणि म्हणाले, "चैत्र संपेपर्यंत दिसेल. पुढचं देवाच्या हाती."

वैद्य गेल्यावर आबांनी लेकीला जवळ बोलावलं. मग म्हणाले, "पोरी, एकदा आभाळ बघायचंय गं. मी लहान होतो तेव्हा गावात सात घरं होती. तेव्हा पाहिलं होतं. अजून स्वप्नात येतं, अगदी छातीवर उतरतं. पण जाग आली की रंग आठवत नाही. रंगाऱ्याला रंग आठवू नये, याहून वाईट काय असेल?"

रंगारणीने मनाशी हिशेब मांडला. आबांना डोंगरावर चढवून नेणं शक्य नव्हतं. मग आभाळच गावात आणायला हवं. पण सत्तावीस घरांच्या धुरापुढे एकटी बाई काय करणार? तिने विचार केला, निदान आपला तरी धूर कमी करू.

तिने पहिलं काम केलं ते अगदी साधं. भांड्यांवर झाकणं ठेवली. लाकूड निम्म्यावर आलं! तिला स्वतःचंच हसू आलं. मग तिने चुलीचं तोंड लिंपून लहान केलं आणि लाकूड वाळवून जाळायला लागली. भाताला एक उकळी आली की पातेलं उचलून भुशाने भरलेल्या टोपलीत पुरायची, वरून गोधडी दाबायची. तासाभराने भात आपोआप शिजलेला. मेहनत भुशाची, नाव सुगरणीचं.

आणि एके दिवशी तिने मांजर पाहिलं. अंगणात काळाकुट्ट झालेला तांब्याचा हंडा पडला होता, आणि थंडीच्या दिवसांत मांजर त्याला पाठ लावून डोळे मिटून बसलं होतं. तिने हंड्याला हात लावला. चांगला गरम! हे गाळीव ऊनसुद्धा एवढं तापवतं? तिने हंडा पाण्याने भरला, त्यावर काच ठेवली, आणि पितळेच्या दोन पराती लखलखीत घासून मागे अशा टेकवल्या की सगळं ऊन हंड्यावर पडावं. दुपारपर्यंत रंगाचं पाणी तयार. मग डाळ. मग भात. रंगासाठी झाडाच्या साली कुटायला तिने ओढ्याच्या धारेवर लाकडाचं चाक बसवलं. ते दिवसभर धप धप करत राहायचं, आणि त्या तालावर आबांना डुलकी लागायची. महिन्याभरात चूल लागेनाशीच झाली, आणि मांजर चुलीतल्या थंड राखेत जाऊन झोपायला लागलं.

झालं! गावात बोंब उठली. "रंगारणीच्या चुलीत मांजर निजतंय!" त्या गावात याहून मोठी नामुष्की नव्हती. शेजारणी पदराआड ओल्या लाकडाच्या मोळ्या घेऊन आल्या. खुद्द पाटलीणबाई आल्या.

"घे हो, लाजू नकोस," पाटलीणबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या बापाला उपाशी ठेवतात का?"

"अहो पाटलीणबाई, भात शिजलाय. गरम आहे, जेवूनच जा."

"बघा बाई, किती मानी आहे!" असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मोळी तिथेच टाकून गेल्या.

कीव करून भागलं असतं तर ठीक होतं. पण लोक रंगायला कापड देईनासे झाले. जिची चूल पेटत नाही ती रंग काय चढवणार, असं जो तो म्हणायला लागला. पंधरा दिवस ओढ्याकाठच्या दोऱ्या रिकाम्या राहिल्या. सोळाव्या दिवशी रंगारणीने हार मानली. फुटक्या घमेल्यात चार निखारे टाकले, त्यावर ओला पाला टाकला, आणि घमेलं परसात ठेवलं. धूर असा निघाला की वा! संध्याकाळी कापडाची दोन गाठोडी दारात हजर.

रात्री आबा खोकत म्हणाले, "पोरी, आज धूर जवळून येतोय का गं?"

"वारा फिरलाय, आबा," ती म्हणाली. आबांशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

पुढची गंमत ऐका. एका दुपारी पाटलीणबाई मागच्या दाराने आल्या. बघतात तो रंगारीण पडवीत आडवी झालेली, केस मोकळे, गालावर हात, गाढ झोप. भर दुपारी बाई झोपलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"तुझे डोळे लाल कसे नाहीत गं? आणि सरपणाला कधी जातेस?"

रंगारणीने सगळं सांगितलं. झाकणं, भुसा, काळा हंडा, पराती. पाटलीणबाईंनी तोंडात बोट घातलं. मग हळूच विचारलं, "आणि धूर?" तिने घमेलंही दाखवलं.

"कुणाला सांगशील तर माझ्या गळ्याची शपथ!" असं बजावून पाटलीणबाई गेल्या. दोन दिवसांनी तेलीण आली, तिनेही शपथ घातली. मग कुंभारीण, मग सोनारीण. फाल्गुनापर्यंत गावातली प्रत्येक बाई मागच्या दाराने येऊन शपथ घालून गेली होती. घरोघरी माळवदावर काळे हंडे बसले, भोवती पापडांच्या वाळवणाचा आडोसा करून लपवलेले. नवऱ्यांना कळलं का? छे! त्यांना ताटात गरम भात मिळाला की झालं. गावाच्या बाया आता दुपारी झोपायला लागल्या, आणि त्यांना स्वप्नं पडायला लागली. एकीला समुद्र दिसला, एकीला तिची मेलेली आई. झाकली मूठ सव्वा लाखाची. धूर मात्र तसाच, घराघरांतून, भरगच्च.

चैत्र लागला तशा तक्रारी यायला लागल्या. "तुझी परात आळशी आहे गं. सकाळी ठेवलेला भात सांज होते तरी शिजत नाही. बाकीच्या मेल्या ओली लाकडं जाळतात ना, त्यांच्या धुराने माझं ऊन अडतं!" पहिलीने हे सांगितलं, दुसरीने सांगितलं. सातवीने तेच सांगितलं तेव्हा रंगारणीला हसू फुटलं. ती गेल्यावर मात्र रंगारणीच्या डोक्यात उजेड पडला. गावात एकही चूल पेटत नव्हती! जो धूर आभाळ झाकत होता, तो सगळाच्या सगळा घमेल्यांचा होता. आणि पहिलं घमेलं तिने स्वतः पेटवलं होतं.

ती पाटलीणबाईंकडे गेली. "तुमचा धूर तेवढा विझवा."

"आधी मी? अगं, पाटलाचं घर हे. बाकीच्यांनी विझवला तर मीही विझवेन."

तेलीण म्हणाली, आधी पाटलीणबाई. सोनारीण म्हणाली, आधी तेलीण. आणि बाकीच्यांचे धूरही खोटेच आहेत, हे रंगारीण सांगणार कशी? सव्वीस गळ्यांच्या शपथा तिच्या जिभेवर होत्या. ती तशीच घरी आली. आबा पाण्याचं भांडं शोधत होते. भांडं समोर होतं, आणि त्यांचा हात हवेत चाचपडत होता. चैत्राचे सहा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी धूरमोजणी. सारं गाव पाराभोवती जमलं, पाटील फेटा सावरून बसले. तेवढ्यात रंगारीण गर्दीतून आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर धुमसणारं घमेलं, काखेत पाण्याची कळशी. तिने ते पाटलांच्या पुढ्यात ठेवलं. आज बोलले तर उद्या कापड येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"पाटील, दुसऱ्या कुणाचं मी काही बोलत नाही. माझं सांगते. हा माझा धूर खोटा आहे. माझ्या घरात चार महिने चूल पेटलेली नाही, आणि दोन्ही वेळा आम्ही गरम जेवलोय. इज्जत जाईल म्हणून मी ओला पाला जाळला. माझ्या बापाला नजर जाण्याआधी एकदा आभाळ बघायचंय, आणि त्याच्या डोळ्यांपुढे मीच हा पडदा धरलाय. माझ्या कर्माची मला लाज वाटते."

तिने कळशी उलटी केली. घमेलं फुस्स करून विझलं.

कुणी खिदळलं. कुणी म्हणालं, "शोभा झाली बाई!" पाटील कपाळाला आठ्या घालून काही बोलणार, एवढ्यात पाटलीणबाई उठल्या आणि तरातरा घराकडे गेल्या. परत आल्या त्या घमेलं घेऊन.

"हे काय?" पाटील दचकले.

"आपला धूर," पाटलीणबाई म्हणाल्या. "काल दोनदा मागून घेतलीत ना, ती खीर उन्हात शिजली होती." आणि त्यांनी पाणी ओतलं.

मग तेलीण उठली. मग कुंभारीण, मग सोनारीण. एकेक करत सव्वीस घमेली पारापुढे येऊन विझली. प्रत्येक बाई दुसरीकडे बघे आणि म्हणे, "अगं, तूसुद्धा?" शेवटी हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पहिल्यांदाच ते धुराने आलेलं नव्हतं.

पाटील विझलेल्या घमेल्यांकडे बघत राहिले. "म्हणजे आम्ही इथे बसून मोजत काय होतो?" त्यांनी विचारलं. धूरमोजणी तिथेच संपली, ती कायमची.

त्या दिवशी धूर हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वर्षानुवर्षांचा पाहुणा तो, एका हाकेत कसा उठेल? चौथ्या दिवशी पहाटे ओढ्याकडून वारा आला. छपरांवरून, झाडांतून सावकाश फिरला, आणि वाटीवरचं झाकण एका कडेने उचलायला लागला. रंगारणीने आबांना उचलून अंगणात खाटेवर बसवलं. पूर्वेला आधी राखेत पाणी मिसळावं तसं काही दिसलं, मग मोतिया, मग अगदी फिकट गुलाबी, आणि मग निळाई उतरायला लागली. उतरतच राहिली. गावभर माणसं दारात येऊन माना वर करून उभी होती. एक लहान पोर तेवढं घाबरून आईच्या पदरात शिरलं.

"आबा, दिसतंय का?"

आबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी मान वर केली ती खाली केलीच नाही.

"पोरी," ते म्हणाले, "आयुष्यभर याचा रंग आठवत बसलो. पण हे एवढं मोठं असतं, तेच विसरून गेलो बघ."

चैत्र संपला आणि वैद्यांचे शब्द खरे झाले. पण रोज सकाळी आबा खाटेवर बसून विचारतात, "आज कसं आहे रे?" आणि गावातली पोरं धावत येऊन, एकमेकांना ढकलत, भांडत, त्यांना सांगतात.

तात्पर्य: देवाचं ऊन फुकट असताना धूर मिरवण्यात कसली श्रीमंती? जो तो "आधी तू" म्हणत बसला, तर आभाळ कुणालाच दिसत नाही. आपलं घमेलं आपण आधी विझवावं.