शेवटच्या पानावरचे शुद्धिपत्र

एका ग्रंथालयात नुकताच संगणक आला होता, तेव्हाची ही गोष्ट. वरच्या फळीवरच्या जुन्या वनौषधी-ग्रंथाला तो म्हणाला, "आजोबा, नशीब काढलंत! जगभरच्या पाचशे लेखांत तुमच्या बेचाळिसाव्या पानाचा दाखला आहे."

ग्रंथ हबकला. "अरे, त्या पानावर एका झुडपाच्या बिया खायला सांगितल्यात, आणि त्या विषारी असतात! चूक कळल्यावर शेवटच्या पानावर शुद्धिपत्र चिकटवलं होतं. ते कुणीच वाचलं नाही?"

"तुम्हाला उघडतंय कोण? एकाचा दाखला पाहून दुसरा देतो."

ग्रंथाने जीव एकवटून खाली उडी घेतली आणि तो शेवटच्या पानावर उघडा पडला. एका संशोधकाने त्याला उचलले, मिटले, मुखपृष्ठावरचे नाव टिपून घेतले आणि परत ठेवले.

"आजोबा," संगणक आनंदाने ओरडला, "पाचशे एक!"