एकेचाळिसावा दाता

माझी पत्नी मृणाल सांगलीच्या एका कारखान्यात तेलघाण्यांसाठी गिअर आखायची. तिचे वरिष्ठ राजोपाध्ये साहेब मनाने चांगले, पण आले की पहिली ओरड तिच्यावरच.

एकदा त्यांनी तिचं ड्रॉइंग सगळ्यांसमोर टेबलावर आपटलं.

"अहो बाई, लहान चाकाला वीस दाते, मग मोठ्याला एकेचाळीस कशाला? चाळीस करा, नाहीतर सही मिळणार नाही."

सही नाही, तर महिन्याभराची मेहनत रद्दीत.

"साहेब, चाळीस केले तर ठरावीक दात्यांचीच गाठ पडत राहील. एखादा खरखरीत निघाला, की त्याच्या समोरचा बिचारा लवकर झिजेल. एक दाता वाढवला की प्रत्येकाची सगळ्यांशी गाठ पडते आणि झीज वाटली जाते."

"पुस्तकी गप्पा! असं झिजताना कोणी पाहिलंय?"

"मी रोज बघते," मृणाल शांतपणे म्हणाली. "इथे आम्ही नऊ जण आहोत, आणि तुमची ओरड रोज माझ्याच वाट्याला येते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग हसत सही केली.

"ठीक आहे. उद्यापासून पाळीपाळीने!"

त्यावर बाकीच्या आठ जणांचे चेहरे कसे झाले, याची नक्कल ती मला अगदी शेवटच्या दिवसांतही करून दाखवायची.