पेशींचं बोलणं

"मग तिच्याच पेशी का वाढतात, बाई? माझ्या का नाही?"

बाईंनी मायक्रोस्कोपवरची मान वर केली नाही.

डॉ. सरोजिनी देवस्थळी मिरजेतल्या एका लहानशा प्रयोगशाळेच्या प्रमुख. सत्तरीला टेकलेल्या, बोलणं कमी. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. विचारणारी होती त्यांची विद्यार्थिनी, ऋजुता इनामदार. पोरगी हुशार होती, आणि हे ती सहसा कुणाला विसरू देत नसे.

'तिच्याच' म्हणजे पद्मजा चौगुलेच्या प्लेटमधल्या. दोघी एकाच वर्षी आल्या, एकाच टेबलावर काम करू लागल्या. पुढच्या महिन्यापासून बाईंच्या हाताखाली एकच जागा राहणार होती, आणि ती जागा ऋजुताला हवी होती.

"बस."

"बसायला नाही आले. हे दाखवायला आले." ऋजुताने एक पाकीट टेबलावर ठेवलं. "संचालकांच्या नावाने तक्रार आहे. पद्मजा पेशींना चोरून काहीतरी घालते आणि वहीत लिहीत नाही. पाच जणांच्या सह्या आहेत. हे पुढे गेलं की तिला जावं लागेल."

"घालताना तू पाहिलंस?"

"नाही. पण त्याशिवाय वाढतील कशा?"

बाईंनी पाकिटाला हात लावला नाही.

"आपण इथे काय शोधतोय, सांग."

हा पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न. ऋजुताला तो अपमान वाटला. तरी तिने उत्तर दिलं, कारण ते तिला पद्मजापेक्षा चांगलं येत होतं.

"एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी भलत्याच जागी रुजतात. बीजकोशावर, आतड्यावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर. पाळीच्या दिवसांत तिथेही सूज येते, रक्त येतं. पेशंट कळवळते आणि घरचे म्हणतात, एवढं तर दुखायचंच. आपल्याला ज्या पेशंटच्या पेशी मिळाल्या तिने आठ वर्षं हेच ऐकलं."

"भलत्या जागी पडलेली पेशी एकटी तग धरते?"

"एकटीने जमत नाही. ती शेजारणींशी बोलते. बोलते म्हणजे रसायनं सोडते. सफाई करणाऱ्या पेशी तिला उचलून टाकायला येतात, तर ती त्यांनाच आपल्या बाजूला वळवते. मग त्याच तिला पोसतात. रक्तवाहिन्या येतात, मागोमाग नसा येतात. नसा आल्या की दुखणं आलं."

"छान सांगितलंस."

"पद्मजाला असं सांगता येणार नाही."

"नाही येणार," बाई म्हणाल्या.

ऋजुताला बरं वाटलं. फार वेळ नाही, पण वाटलं.

"आता तुझी प्लेट. रोज काय करतेस?"

दोघींची मांडणी एकच होती. प्लेटच्या तळाशी त्या भरकटलेल्या पेशी, वर जाळीच्या बुडाची इवलीशी वाटी, आणि वाटीत त्याच पेशंटच्या सफाई करणाऱ्या पेशी. एकमेकींना त्या शिवत नाहीत. मीडियम तेवढं दोन्ही पेशींत सामायिक. मीडियम म्हणजे पेशी ज्यात जगतात ते गुलाबी पाणी. ते रोज सकाळी बदलायचं असतं.

"रोज मीडियम बदलते. शेवटच्या थेंबापर्यंत जुनं काढते, मगच नवं घालते. एक दिवस चुकले नाही."

ते खरं होतं. ऋजुताने घरचं सोवळं प्रयोगशाळेत आणलंय, असं लोक तिच्या माघारी म्हणत. तिच्या पेशी मात्र पसरतच नव्हत्या. पाचव्या दिवशी तळ सोडून तरंगायला लागत. असं तीनदा झालं होतं.

"आणि पद्मजा?"

"ती अर्धंच काढते. अर्धं जुनं तसंच ठेवून वर नवं ओतते. आळशी आहे."

बाई उठल्या. बेसिनपाशी टाकाऊ मीडियमची बाटली होती, ऋजुताच्या नावाची चिठ्ठी लावलेली. ती त्यांनी उचलली आणि कानाला लावली.

ऋजुता बघत राहिली. बाईंचं वय झालं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"काय ऐकताय?"

"कालपासून तुझ्या पेशी एकमेकींशी जे बोलल्या ते."

बाईंनी बाटली तिच्यासमोर ठेवली.

"तू रोज सकाळी त्यांचं बोलणं बेसिनवर आणून ओततेस."

ऋजुता खाली बसली. जे तिने आत्ता घडाघडा म्हणून दाखवलं होतं, ते सगळं त्या बाटलीत होतं. पाठ होतं, तरी लक्षात आलं नव्हतं.

चूक कळली की हेवा जातो, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो कधी केलेला नसतो. ऋजुताच्या तोंडून पुढचं वाक्य आलं ते असं :

"म्हणजे हे तुम्ही तिला सांगितलंत. मला नाही."

"तिने विचारलं, जुनं सगळं टाकायचं का. तू विचारलं नाहीस."

"मला विचारावं लागत नाही म्हणून सगळे माझं कौतुक करतात."

"हो," बाई म्हणाल्या. "मीही केलं. ते माझं चुकलं."



"पण पद्मजाचं बाकीचं वागणंही बरोबर नाही," ऋजुता म्हणाली. "सगळ्या लॅबला माहीत आहे."

"सगळ्या लॅबला कसं कळलं? तू आधी कुणाला सांगितलंस?"

"केतकीला. माझ्या खोलीत राहते ती."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, सोडून दे. डोक्यातून काढून टाक."

"मग?"

"मग मी तिला नीट समजावलं. रोज थोडं थोडं. पहिल्यांदा तिला पटत नव्हतं. आता तीच संध्याकाळी विचारते, आज काय केलं गं तिने? स्टोअरच्या निंबाळकरांना तिनेच सांगितलं. त्यांनी आणखी दोघांना. आता कुणी ना कुणी रोज काहीतरी आणून…"

ऋजुता बोलता बोलता थांबली.



"आणि केतकीला सांगायच्या आधी काय होतं? अगदी पहिलं?"

"तुम्ही हसाल."

"नाही हसणार."

ऋजुता खिडकीकडे बघत बोलली. "श्रावणात तुम्ही तुमच्या डब्यातलं थालीपीठ तिला दिलंत. वर लोणी घालून. मला नाही दिलंत."

"तुझा सोमवार होता."

"होता." तिचे डोळे भरून आले. "पण विचारायचं तरी होतं. मी नाहीच म्हटलं असतं, तरी विचारायचं होतं. मला तिचा हेवा वाटतो, बाई. तिने तुमच्या शेजारी स्टूल ओढलं तरी वाटतो. ती हसली आणि तुम्ही तिच्याकडे बघितलंत तरी दिवसभर माझं कामात लक्ष लागत नाही. मला स्वतःचीच लाज वाटते, पण वाटायचं थांबत नाही."

बाई हसल्या नाहीत.

"हे पत्रात आहे?"

"काय?"

"थालीपीठ."

"नाही."

"काढ बघू पत्र."

ऋजुताने पाकीट उघडलं. आत दोन पानं होती. ती मनातल्या मनात वाचू लागली, मग मोठ्याने.

"'शंकास्पद वर्तन'… हा शब्द निंबाळकरांचा. 'प्रयोगशाळेच्या लौकिकाला बाधा'… हे केतकीने सुचवलं. 'यापूर्वीही असे प्रकार'…" तिने पान उलटलं. "हे कुणी घातलं, मला आठवतसुद्धा नाही."

"तुझं काय आहे त्यात?"

ती शोधत राहिली. खालची सही तेवढी तिची होती.

बाई पुन्हा मायक्रोस्कोपशी जाऊन बसल्या आणि भिंग सारखं करू लागल्या. ऋजुताने पहिलं पान वेगळं केलं. मीडियममध्ये काही घातल्याचा आरोप त्या पानावर होता. तो खोटा होता, हे आता तिला पक्कं कळलं होतं. तिने ते पान फाडलं, तुकडे मुठीत धरले.

दुसरं पान तिच्या हातात राहिलं. ते तिने दोनदा वाचलं.

"बाई, हा आरोप मी मागे घेते. पण ती उशिरा येते, वही वेळेवर भरत नाही, हे तर सगळ्यांनी पाहिलंय. ते खोटं नाही." तिने पान घडी करून पाकिटात परत घातलं. "एवढं अर्धं तरी राहू दे."

बाईंनी भिंगातून डोळा काढला नाही.

"अर्धं प्लेटमध्ये ठेवायचं, ऋजुता. पाकिटात नाही."