हौसाक्काची मापाची सायकल

फार वर्षांपूर्वी, जोगाईच्या घाटाखाली तांबुळशेत गावात हौसाक्का लोहारीण राहायची. नवरा गेल्यावर तीच भात्यावर बसली, आणि विळ्या-कोयत्यांवर न थांबता सायकली घडवू लागली. पोलादाच्या नळ्या पितळेनं झाळून ती फ्रेम जोडायची. त्या फ्रेमवर टिचकी मारली की माळावरची गुरं मान वर करायची, असं म्हणतात.

पण तिच्याकडं तयार सायकल मिळायची नाही. आधी ती दोरीनं माणसाचं माप घ्यायची. लोक हसायचे.

"पोलकं मापाचं शिवता न्हवं?" ती म्हणायची. "मग जिच्यावर दिवसभर बसायचं, ती आयती कशी चालती?"

जोगाईच्या जत्रेला घाटात सायकलींची शर्यत व्हायची. जिंकेल त्या गावाला देवीपुढं पहिला नारळ फोडायचा मान. तांबुळशेताकडून धुळाप्पा दूधवाला शर्यतीत उतरायचा आणि नेमानं शेवटी यायचा. गावानं आपल्या अकलेप्रमाणं इलाज केला. त्याला पैलवानाचा खुराक लावला, दूध-बदाम चारले, तेलानं रगडला. धुळाप्पा जाडजूड झाला आणि पुन्हा शेवटी आला. बिचारा चावडीवरून जायचा बंद झाला.

तेव्हा हौसाक्का चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "खोट गड्यात न्हाई. त्याच्या टांगा लांब, पाठ आखूड. सायकल भलत्याच्याच मापाची. मी करून देते. तरी हरला, तर भट्टी कायमची इझवीन."

भट्टी म्हणजे तिचं पोट आणि तिचा जीव. तिनं दोरीनं धुळाप्पाचं माप घेतलं आणि जत्रेआधी त्याची सायकल घडवून दिली.

शर्यतीला शेजारच्या पेठेचा गडी हलकी, चकचकीत, दुकानातली सायकल घेऊन आला. धुळाप्पा त्याच्या मागोमाग घाट चढू लागला, आणि पहिल्यांदाच त्याची पाठ दुखेना. शेवटच्या वळणावर रस्ता उखडला होता. दोघंही आदळले. चकचकीत सायकलीचे दोन तुकडे झाले. धुळाप्पाच्या सायकलीचा पुढचं चाक धरणारा चिमटा नुसता वाकला.

हौसाक्का तिथंच उभी होती. तिनं फुंकर घातली आणि पोलाद सरळ झालं, असं म्हणतात. मला विचाराल तर तिनं गुडघा लावला आणि कचकचून ओढलं.

"पोलाद रुसतं, पर समजूत काढली की ऐकतं," ती म्हणाली. "बस आता."

तोवर मागचे सगळे पुढं गेले होते. धुळाप्पानं एकेकाला गाठलं. शेवटच्या चढाला त्याची चाकं जमिनीला लागलीच नाहीत, असं म्हणतात. तो पहिला आला, आणि हौसाक्का रस्त्यातच फतकल मारून रडली. त्या वर्षीचा नारळ गावानं तिच्याच हातून फोडला. दुसऱ्या दिवशी पेठेचा गडी तिच्या दारात माप द्यायला उभा होता.

आजही जत्रेत शर्यत होते. जिंकणाऱ्याला मान मिळतो, पण गाव ताटकळत थांबतं ते शेवटच्या गड्यासाठी. तो धापा टाकत वर आला की हौसाक्काच्या नावानं त्याला गुलाल लावतात, तिथंच त्याचं माप घेतात आणि गावातर्फे त्याला पोलादी सायकल करून देतात. त्याला कुणी हसत नाही. पुढच्या वर्षी सगळे त्यालाच टरकून असतात.